बेट, बोट आणि बेत

टूर कंपनीचा झेंडा, टोपी आणि सकाळच्या उपम्याची हमी यांचा त्याग करून, फेरी बोटीने एका बेटावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर केलेल्या प्रवासाला स्वतंत्र बेटयात्रा म्हणतात. तिचे घटक तीन: बेट, बोट आणि बेत. पैकी बेट जागच्या जागी असते, बोट वाऱ्याच्या मर्जीने चालते आणि बेत सहप्रवाशांच्या मर्जीने बदलतो. या तिघांची एकाच तारखेला गाठ घालून देणे हे नियोजनशास्त्राचे उद्दिष्ट आहे.

या शास्त्राच्या अभ्यासाला ग्रीसमधला सिक्लाडीज द्वीपसमूह सर्वांत सोयीचा. एजियन समुद्रात डिलोस या पवित्र बेटाभोवती कडे करून बसलेली ही दोनशेहून अधिक बेटे आणि खडक. त्यांपैकी वस्ती असलेली वीस-पंचवीस, आणि मराठी माणसाला नावाने ठाऊक असलेली दोन: सँटोरिनी आणि मिकोनोस. उरलेल्यांची नावे नियोजनाच्या पहिल्या आठवड्यात कळतात आणि दुसऱ्या आठवड्यात एकमेकांत मिसळतात.

पूर्वसूरी

या क्षेत्रातला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस. ट्रॉयहून इथाकाला घरी पोचायला त्याला दहा वर्षे लागली. त्यातली सात कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर गेली आणि एक सर्सी नावाच्या जादूगारणीकडे. कोणत्या बेटावर किती रात्री, हे निघण्यापूर्वी ठरवले नाही की असे होते. वाटेत वाऱ्यांचा अधिपती इओलस याने सगळे प्रतिकूल वारे एका पिशवीत बांधून त्याला दिले होते. इथाका दृष्टीच्या टप्प्यात आल्यावर सोबत्यांनी, पिशवीत सोनेनाणे असणार अशा समजुतीने, ती उघडली आणि बोट पुन्हा उलटी गेली. कोणत्या पिशवीत काय आहे ते सर्वांना आधी सांगून ठेवावे, हा नियम तेव्हापासूनचा.

दुसरा प्रवासी ग्रीक पुराणकथांतला वीर थीसियस. क्रीटहून अथेन्सला परतताना त्याने बरोबरच्या आरिआड्नीला नाक्सोस बेटावर झोपलेली सोडून बोट हाकली. त्याने हे मुद्दाम केले की विसरून, याबद्दल कथाकारांत एकमत नाही. बोट सुटण्यापूर्वी डोकी मोजण्याची पद्धत दोन्ही शक्यतांवर उपयोगी पडते. पुढे सुखरूप असल्याची खूण म्हणून काळे शीड उतरवून पांढरे चढवायचे होते, तेही राहून गेले. काळे शीड पाहून वडील इजियस यांनी समुद्रात उडी घेतली आणि समुद्राला त्यांचे नाव मिळाले. ‘पोचलात की लगेच फोन करा’ असे घरातली वडीलधारी माणसे बजावतात, त्यामागे इतका मोठा पुरावा आहे.

तिसरा ज्युलियस सीझर. तरुणपणी एजियनमधल्याच फार्माकोनिसी बेटाजवळ त्याला चाच्यांनी पकडले आणि सुटकेसाठी वीस टॅलंट मागितले. आपली किंमत इतकी कमी लावल्याचे हसू येऊन सीझरने स्वतःच ती पन्नासवर नेली, असे प्लूटार्क सांगतो. बेटांवरच्या मुक्कामाचे दर पर्यटकाने स्वतः वाढवल्याचे हे सुरुवातीचे उदाहरण होय. सुटका झाल्यावर त्याने चाच्यांना पकडून सुळावर चढवले. आजचे पर्यटक एक तारा देऊन थांबतात.

बेटांची निवड

यादीची सुरुवात दोन बेटांनी होते. ती वाढते एका वाक्याने: ‘एवढे लांब जातोच आहोत, तर...’ या वाक्याला अंगभूत शेवट नसल्यामुळे त्याच्यापुढे कितीही बेटे मावतात. मिलोस वगळले तर साराकिनिकोचे पांढरेशुभ्र खडक राहतात. नाक्सोस सर्वांत मोठे, म्हणून वगळता येत नाही. पारोस वाटेतच आहे. सिरोस ही द्वीपसमूहाची राजधानी, आणि राजधानी टाळणे बरे दिसत नाही. शिवाय प्रत्येक बेटाला गटात एक पुरस्कर्ता असतो. त्याने ते बेट पाहिलेले नसते, पण त्याच्या साडूने पाहिलेले असते.

यादी सातवर गेली की अंकगणिताची मदत घ्यावी लागते. दोन बेटांमधले अंतर बोटीने दोन तासांचे असले तरी स्थलांतर अर्ध्या दिवसाचे असते. खोली अकराला सोडावी लागते. बोट दीडची असते. ती दोनला येते, चारला पोचवते. नव्या मुक्कामाची मालकीण बंदरावर घ्यायला येते, तेव्हा तिच्या गाडीत चार बॅगा मावतात आणि बॅगा आठ असतात. आंघोळ, चहा आणि वायफायचा पासवर्ड होईपर्यंत सूर्यास्त झालेला असतो. सात रात्रींत पाच बेटे करणाऱ्याला पाच बंदरे, पाच बंदरांवरचे कॅफे आणि त्या कॅफेंमधली स्वच्छतागृहे यांची सखोल माहिती होते. बेटांचा अंतर्भाग पुढच्या खेपेसाठी राखीव राहतो.

म्हणून सूत्र असे: एकूण रात्रींना तीनने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. सात रात्री असतील तर दोन बेटे, दहा असतील तर तीन. या सूत्राला विरोध ठरलेला आहे. ‘म्हणजे दोन बेटांसाठी इतका खर्च?’ असा प्रश्न भावोजी विचारतात. त्याचे उत्तर तर्काने देता येत नाही. त्यांच्या आवडीचे बेट ठेवून दुसऱ्याच्या आवडीचे वगळावे, म्हणजे प्रश्न दुसऱ्याकडे जातो. बेटयात्रेचे नियोजन म्हणजे बेटे वगळण्याची कला. ती साधली की बाकीचे तपशील बऱ्यापैकी आपोआप बसतात.

डिलोस हे वगळण्यातून सुटलेले बेट, कारण तिथे राहताच येत नाही. इ. स. पूर्व ४२६च्या सुमारास अथेन्सकरांनी बेटाचे शुद्धीकरण केले. जुनी थडगी हलवली आणि यापुढे डिलोसवर कोणी जन्मायचे नाही, कोणी मरायचे नाही, असा नियम केला. प्रसूतीची वेळ झालेल्या आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसांना शेजारच्या रेनिया बेटावर नेत. आता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या या बेटावर पर्यटकाला रात्र काढता येत नाही. मिकोनोसहून लहान बोटीने अर्ध्या तासात जावे, सिंहांचे पुतळे आणि मोझेक पाहावेत आणि परतीच्या बोटीची वेळ चुकवू नये. नवीन नियम करण्याची अथेन्सकरांची हौस पाहता हे बरे.

नकाशा

बेटे ठरली की हौशी नियोजक नकाशावर फूटपट्टी ठेवतो. जवळ दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये बोट असणारच, हा त्याचा समज जमिनीवर वाढल्यामुळे झालेला असतो. समुद्रात शेजार अंतरावर ठरत नाही, तो बोटीच्या मार्गावर ठरतो.

सिक्लाडीजमध्ये ठळक मार्ग तीन. अथेन्सचे मुख्य बंदर पिरेअस येथून पारोस, नाक्सोस आणि सँटोरिनी हा मधला मार्ग, सर्वांत वर्दळीचा. सिरोस, टिनोस आणि मिकोनोस हा उत्तरेचा. किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस आणि मिलोस हा पश्चिमेचा. एकाच मार्गावरच्या बेटांवर रोज बोट मिळते. मार्ग बदलायचा झाला की अडचण सुरू होते. सिफ्नोस आणि पारोस एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण ती वेगवेगळ्या मार्गांवर आहेत. त्यामुळे हंगाम सोडून थेट बोट शोधणाऱ्याला बरेचदा एखाद्या तिसऱ्या बेटावर बदली करून किंवा सरळ पिरेअसला परत जाऊन तिथे पोचावे लागते. अँड्रोस बेटाची बोट राफिनाहून सुटते. केआची लाव्रिओहून. ही दोन्ही बंदरे अथेन्सच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर आहेत आणि पिरेअसशी त्यांचा काही संबंध नाही.

म्हणून एका यात्रेत एकच मार्ग धरावा. पारोस हे अनेक मार्गांचे जंक्शन असल्यामुळे ते यादीत असलेले चांगले. बेट स्वतः आवडले नाही, तरी तिथून निघता येते.

व्हिसा आणि वेळापत्रक

भारतीय प्रवाशाला ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. २०२४ सालापासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त होता कामा नये. ओडिसियसचे कॅलिप्सोकडेच अडले असते.

अर्जासोबत प्रवासाचा दिनवार कार्यक्रम आणि मुक्कामांचे पत्ते द्यायचे असतात. कोणत्या तारखेला कोणत्या बेटावर, हे व्हिसा अधिकाऱ्याला हिवाळ्यातच हवे असते. त्याच सुमाराला पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या दिवशी कोणती बोट सोडायची याचा विचार बोट कंपन्यांमध्ये चालू असतो. उन्हाळी वेळापत्रके वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने जाहीर होतात आणि लहान बेटांची बरीच उशिरा. बोटीचा पत्ता नसताना मुक्कामाचा पत्ता देणे, ही नियोजनातली पहिली कसोटी. रद्द करता येण्याजोगे मुक्काम आरक्षित करून ती पार पाडतात. तयार होणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी ७.२५ : पारोसकडे प्रयाण’ असा ठाम उल्लेख असतो. बोटीला तो अद्याप माहीत नसतो.

मागच्या वर्षीचे वेळापत्रक पाहून अंदाज बांधावा, असा सल्ला जाणकार देतात आणि तो उपयोगी आहे. मोठ्या मार्गांवर बदल थोडे होतात. गटातल्या कोणीतरी एक्सेलमध्ये तक्ता करावा आणि तो कोणालाही दुरुस्त करू देऊ नये. एकाच वेळी आठ जणांनी दुरुस्त केलेल्या तक्त्यात मंगळवार दोनदा येतो.

हंगाम आणि वारा

महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुटी या प्रवासाला सोयीची पडते. मेमध्ये बोटी वाढू लागलेल्या असतात, गर्दी कमी असते आणि दर आवाक्यात असतात. पाणी मात्र गार असते. तारखांबाबत दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. १ मे ही महाराष्ट्र दिनाची सुटी जोडून निघणाऱ्याने लक्षात ठेवावे की तोच कामगार दिन आहे, आणि ग्रीसचे खलाशी तो कामावर न जाऊन पाळतात. त्या दिवशी बोटी बहुधा बंद असतात. एरवीच्या संपांची घोषणा थोडे दिवस आधी होते, तेवढाच दिलासा.

दुसरी तारीख १५ ऑगस्ट. स्वातंत्र्यदिनाला जोडून चार दिवस काढणाऱ्याला त्याच दिवशी ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असल्याचे तिकिटे संपल्यावर कळते. टिनोसच्या चर्चमध्ये १८२३ साली सापडलेली मेरीची प्रतिमा आहे. तिच्या दर्शनाला देशभरातून लोक येतात, आणि कित्येक भाविक बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ गुडघ्यांवर चढून जातात. बोटींवर जागा नसते, बेटांवर खोल्या नसतात आणि अथेन्समध्ये माणसे नसतात. दिवाळीच्या सुटीचा बेत असेल तर उलटी अडचण: खोल्या भरपूर असतात, बोटी कमी झालेल्या असतात आणि निम्मी उपाहारगृहे खुर्च्या उलट्या करून बंद झालेली असतात.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून जो कोरडा, जोरकस वारा वाहतो त्याला मेल्तेमी म्हणतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते, हे ठाऊक असलेल्या माणसाची समुद्र खवळण्याबद्दलची कल्पना ठरलेली असते: काळे ढग, पाऊस, अंधारून येणे. मेल्तेमी यातले काहीच करत नाही. आकाश निळेभोर असते, ऊन लख्ख असते, दूरचे बेट स्वच्छ दिसत असते आणि बोट रद्द झालेली असते. ‘इतक्या छान हवेत?’ हा प्रश्न तिकीट खिडकीवर विचारू नये. तिथल्या माणसाने तो सकाळपासून अनेक भाषांत ऐकलेला असतो.

वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापनश्रेणीत सांगतात. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफोर्ट यांनी १८०५ साली तयार केलेल्या या श्रेणीत शून्य म्हणजे शांत आणि बारा म्हणजे महावादळ. आठ म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, आणि साधारणतः याच आकड्याला मोठ्या बोटींनाही बंदर सोडायला मनाई होते. वेगवान आणि लहान बोटींना ती त्याआधीच लागू होते. बेटयात्रेच्या तिसऱ्या दिवसापासून, एरवी वाऱ्याकडे फक्त वाळत घातलेल्या कपड्यांसाठी पाहणारी माणसे ‘आज सहा आहे, उद्या सात म्हणतात’ अशा भाषेत बोलू लागतात.

या वाऱ्याचे मूळ मराठी वाचकाला फार परके नाही. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तान व त्यापलीकडे पूर्वेला कमी, या फरकातून मेल्तेमी वाहतो. आणि पूर्वेकडच्या त्या कमी दाबाचा संबंध हवामानशास्त्रज्ञांनी दक्षिण आशियातल्या मोसमी पावसाशी जोडला आहे. म्हणजे मुंबईच्या पावसाला कंटाळून जुलैत ग्रीसला गेलेल्या कुटुंबाची बोट ज्या वाऱ्यामुळे अडते, त्या वाऱ्याला त्याच पावसाचे पाठबळ असते. पाऊस टाळता येतो, पावसाचे नातेवाईक टाळता येत नाहीत.

यावर उपाय एकच: कार्यक्रमात एक मोकळा दिवस ठेवावा. तक्त्यातला तो रिकामा रकाना पाहून सहप्रवाशांचे हात शिवशिवतात आणि तिथे एखादे बेट घालण्याची सूचना पुढे येते. ती फेटाळावी. वारा आला तर तो दिवस वाऱ्याचा, नाही आला तर पोहण्याचा.

बोटींचे प्रकार

बोटी मुख्यत्वे दोन प्रकारच्या. पहिला प्रकार पारंपरिक मोठ्या बोटींचा. यांच्या पोटात ट्रक, मोटारी आणि भाजीच्या गाड्या असतात, वर मोकळी डेक असते आणि पिरेअसहून सँटोरिनीला पोचायला साडेसात-आठ तास लागतात. दुसरा प्रकार वेगवान बोटींचा. त्या हेच अंतर पाचेक तासांत कापतात, तिकीट बरेच महाग असते आणि प्रवासी बहुतेक वेळ काचबंद दालनात विमानासारख्या खुर्च्यांवर बसून असतात. वेगवान बोटीत वेळ वाचतो आणि समुद्र दिसत नाही. शिवाय लाटा उंच असतील तर वाचलेला वेळ कसा घालवायचा हा प्रश्न उरत नाही, कारण निम्म्या दालनाला बोट लागलेली असते.

बोट लागणे ही प्रकृतीची बाब आहे, प्रतिष्ठेची नाही. कोकणात आयुष्य गेलेल्या माणसालाही ती लागू शकते आणि ती लागल्यावर त्याला सर्वांत जास्त राग येतो. गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, आणि नजर क्षितिजावर ठेवल्याने बरे वाटते. आलेपाकाच्या वड्या सोबत असाव्यात. घेणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो आणि वाटणाऱ्याला त्याहून जास्त.

नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्यामध्ये दोनुसा, कुफोनिसिया, स्किनुसा आणि इराक्लिया ही इवलीशी बेटे आहेत. तिथे ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ नावाची लहानशी बोट वर्षभर ये-जा करते. नावातला ‘एक्सप्रेस’ हा शब्द वेगाशी संबंधित नाही. बेटांवरची माणसे, औषधे, टपाल आणि पार्सले हिच्याच भरवशावर असतात, आणि वारा असताना तिच्या डेकवर उभे राहिलेला पर्यटक मुक्कामी पोचेपर्यंत आतूनबाहेरून बदललेला असतो.

बंदर

पिरेअस हे युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या प्रवासी बंदरांपैकी एक. अथेन्सहून तिथे मेट्रोने जाता येते. हिरवी मार्गिका मुळात १८६९ साली वाफेच्या गाड्यांसाठी सुरू झालेल्या रेल्वेची वारस आहे, आणि निळी मार्गिका २०२२ साली बंदरापर्यंत आली. त्यामुळे विमानतळावरूनही गाडी न बदलता पिरेअस गाठता येते. नियोजक इथे निर्धास्त होतो. स्टेशनातून बाहेर पडले की समोर बोटी दिसतात आणि त्यातली आपली कोणती, एवढेच शोधायचे राहते.

बंदराच्या दरवाजांना ई-१ ते ई-१२ असे क्रमांक आहेत. त्यांच्यामधले अंतर नकाशावर बोटभर असते आणि चाकांच्या बॅगा ओढत जाताना वीस-पंचवीस मिनिटांचे. दूरच्या दरवाजांसाठी बंदरात फुकट बस असते. ती पकडण्यासाठी आधी ती कुठे थांबते ते शोधावे लागते. दरवाजाचा क्रमांक आदल्या दिवशी पाहून ठेवावा आणि निघताना पुन्हा पाहावा. बोट सुटण्याच्या तासभर आधी पोचण्याचा सल्ला दिला जातो. गटात सासूबाई असतील तर त्या तीन तास आधी पोचवतात, आणि या एका शास्त्रात त्यांचे म्हणणे बरोबर ठरते.

पिरेअसला वेळेवर, योग्य दरवाजापाशी, सर्व बॅगांसह पोचल्यावर तिकिटावर ‘राफिना’ असे लिहिलेले आढळणे, हा नियोजनातला सर्वांत परिपूर्ण अपघात. राफिना तिथून अथेन्सच्या पार दुसऱ्या बाजूला आहे. हा अपघात टाळण्यासाठी तिकिटावरचा बेटाचा उल्लेख वाचून झाल्यावर बंदराचाही वाचावा.

चढणे आणि उतरणे

बोटीचा मागचा दरवाजा धक्क्यावर आडवा पडतो आणि त्यावरून माणसे, मोटारी आणि ट्रक एकाच वेळी आत शिरतात. आत गाड्यांच्या मजल्यावर सामानाच्या फळ्या असतात, त्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या फळीवर बॅग ठेवून वर जायचे. पारोसची बॅग सँटोरिनीच्या फळीवर ठेवल्यास ती सँटोरिनी पाहून येते.

उतरण्याची रीत वेगळी आहे. मधल्या बेटांवर बोट पाच-दहा मिनिटेच थांबते. घोषणा झाली की प्रवासी जिना उतरून गाड्यांच्या मजल्यावर, इंजिनाच्या घरघरीत, बंद दरवाजासमोर दाटीने उभे राहतात. दरवाजा करकरत खाली येऊ लागतो, फटीतून ऊन शिरते आणि तो धक्क्याला टेकण्यापूर्वीच लोंढा पुढे सरकतो. युरोपातले पर्यटक या प्रकाराने भांबावतात. दादरला उतरण्यासाठी माटुंग्यापासून दाराशी उभे राहिलेल्या प्रवाशाला इथे शिकण्यासारखे काही नसते. त्याचा अडथळा एकच: गटातल्या आठही जणांची तिकिटे एका फोनवर असतात आणि तो फोन ज्यांच्याकडे आहे ते काका वरच्या डेकवर सूर्यास्ताचा व्हिडिओ काढत असतात.

सँटोरिनीच्या अथिनिओस बंदरावर उतरल्यावर समोर उभा कडा असतो, कारण हे बेट म्हणजे प्राचीन ज्वालामुखीच्या विवराची उरलेली कड. फेरी बोटीच्या प्रवाशाला वळणावळणाच्या रस्त्याने बस किंवा गाडी वर नेते. क्रूझवाले फिरा गावाखालच्या जुन्या बंदरावर उतरतात. त्यांच्यापुढे रोपवे, खेचरे किंवा सुमारे ६०० पायऱ्या असे पर्याय असतात. बेटाच्या छायाचित्रांत यांपैकी काहीच नसते.

आहार

शाकाहारी प्रवाशाने ग्रीसला घाबरण्याचे कारण नाही. पिवळ्या डाळीचा घोटून केलेला फावा ही सँटोरिनीची खासियत, आणि तिथलीच टोमॅटोची भजीही. सिफ्नोसला शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात चणे भट्टीत ठेवतात आणि ते रविवारी दुपारी खातात. तांदूळ भरलेली ढोबळी मिरची, उकडलेली रानभाजी, पालकाची पाई हे सगळीकडे मिळते.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवसांच्या अन्नाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध, चीज काहीच नसते, असे कळल्यावर आत्याबाई हरखून जातात आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक उपाहारगृहात हाच शब्द उच्चारतात. चौथ्या दिवशी पानात ऑक्टोपस येतो. रक्त नसलेले जलचर या उपवासाला चालतात. शब्दासोबत हाताने आठ पायांची नकारार्थी खूण करावी, म्हणजे अडचण येत नाही.

घरून नेलेल्या चिवड्याचे आणि मेतकुटाचे खरे मोल रद्द झालेल्या बोटीच्या संध्याकाळी कळते. म्हणून तो साठा पहिल्या दोन दिवसांत संपवू नये, असे सांगितले जाते. तो विमानतळावरच संपतो.

परतीचा प्रवास आणि हिशोब

बेटयात्रेचे नियोजन शेवटापासून मागे करावे. परतीच्या विमानाची तारीख बदलत नाही, म्हणून त्याच्या आदली रात्र अथेन्समध्ये काढावी आणि शेवटचे बेट अथेन्सच्या जवळचे, भरपूर बोटी असलेले निवडावे. विमान सुटण्याच्या दिवशी सकाळच्या बोटीने सँटोरिनीहून निघण्याचा बेत कागदावर दोन तास राखून बसतो, आणि त्या कागदावर वारा दाखवलेला नसतो. दूरचे बेट आधी, जवळचे शेवटी, हा क्रम पाळणाऱ्याला अथेन्समध्ये एक निवांत दिवस मिळतो. त्या दिवशी संग्रहालय पाहावे. त्या दिवशी मिलोस करता आले असते, असे सहप्रवाशांपैकी काही जण सांगतातच.

बोट रद्द झाली तर युरोपीय संघाच्या नियमानुसार प्रवाशाला पर्यायी प्रवास किंवा तिकिटाचे पैसे परत, यांतले एक निवडता येते. हवामानामुळे रद्द झालेल्या बोटीची भरपाई मात्र मिळत नाही, आणि बुडालेल्या खोलीभाड्याचे पाहायला विम्याची कागदपत्रे आधी वाचलेली असावी लागतात. तिकिटाचे पैसे ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत येतात, तेही बरेचदा सगळे घरी पोचल्यावर. दरम्यान गटाचा हिशोब मिटलेला असतो, ‘कोणाचे कोणाकडे काही नाही’ असे जाहीर झालेले असते आणि फोटोंची देवाणघेवाण चालू असते. तेव्हा एक्सेलच्या तक्त्यात ‘परतावा’ नावाचा एक रकाना सुरुवातीलाच ठेवावा, आणि तो कोणाच्या कार्डावर येणार ते सर्वांसमक्ष लिहून घ्यावे.